सहा जणांची पार्टी की चार जणांची? जुने-नवे रोल-प्लेइंग गेम पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुट्टीत भाची आमच्याकडे भांडुपला राहायला आली होती. दुसऱ्याच दिवशी तिने विचारलं, “मावशी, बाल्डर्स गेट पहिल्यापासून खेळू की थेट तिसरा?” बाल्डर्स गेट म्हणजे आपण एक पात्र होऊन कथेत शिरायचं, अशा कॉम्प्युटर गेमची मालिका. मी सांगायला बसले आणि तासाभराने लक्षात आलं, तिच्या डोक्यात आधी होता त्याच्या दुप्पट गोंधळ मी घालून ठेवलाय. म्हणून हे क्रमाने लिहून काढलं. तिच्यासाठी, आणि हाच प्रश्न पडलेल्या कुणासाठीही.

आधी पार्टी म्हणजे काय ते. पार्टी म्हणजे तुमच्या हुकमातली टोळी. एक ढाल घेऊन पुढे राहणारा, एक कुलपं उघडणारा, एक जखमा भरणारा, एक मागून मंत्र टाकणारा. हरिश्चंद्रगडाला निघताना दोर कुणाकडे, स्टोव्ह कुणाकडे, औषधांची पिशवी कुणाकडे हे आदल्या रात्री ठरतं ना, तसंच. प्रकार जुना आहे. १९८१च्या विझार्ड्री या गेममध्येही सहा जणांना घेऊनच भुयारात उतरायचं होतं. बायोवेअर कंपनीचा पहिला बाल्डर्स गेट आला १९९८च्या डिसेंबरात, लारियन कंपनीचा तिसरा २०२३च्या ऑगस्टमध्ये.

माझी ओळख झाली ती गिरगावात, आतेभावाच्या खोलीत. दादाने फोर्टच्या फुटपाथवरून पाच सीडींचा संच आणला होता. संच कसला, कागदी पाकिटांत पाच चकत्या. मूळ खोक्यातली जाडजूड पुस्तिका त्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. चौथी सीडी वाचलीच जायची नाही. गेमने ती मागितली की आमचा खेळ तिथेच आटपायचा. पण पुस्तिका नसल्याचा घोळ त्याहून मोठा निघाला. दोन महिने आम्ही पार्टीच्या चिलखताचा आकडा वाढवायच्या मागे होतो. त्या गेममध्ये तो कमी करायचा असतो! लांडगे आम्हाला फाडून खायचे आणि दादा म्हणायचा, लई अवघड गेम आहे हा.

जुन्या-नव्यातला मोठा फरक लोक चित्रांत शोधतात. मला तो हिशेबात दिसतो. जुन्या गेममध्ये हिशेब खेळणाऱ्याने ठेवायचा, नव्यात तो गेम ठेवतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवरून ठरतात.

१. कशावर खेळणार, ते आधी बघा

बाल्डर्स गेट ३ला १५० जीबी जागा लागते, तीही एसएसडीवर, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवणीवर. रॅम किमान ८ जीबी आणि जीटीएक्स ९७०च्या तोडीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड. कामापुरता घेतलेला साधा लॅपटॉप इथेच बाद होतो. डाउनलोडचंही गणित करून ठेवा: ५० एमबीपीएसच्या जोडणीवर १५० जीबी उतरायला साधारण पावणेसात तास, म्हणजे रात्री लावून झोपायचं. रोज २ जीबीच्या मोबाईल पॅकवर हॉटस्पॉट लावून उतरवायचा विचार असेल तर अडीच महिने लागतील.

जुन्यांचे असे नखरे नाहीत. बाल्डर्स गेट १ आणि २, आइसविंड डेल, प्लेनस्केप: टॉर्मेंट यांच्या सुधारित आवृत्त्या लॅपटॉपमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर चालतात आणि फोन-टॅबलेटवरही मिळतात. आइसविंड डेलचा निम्मा भाग मी भांडुप ते सीएसएमटी स्लो लोकलमध्ये खेळलेय. घाटकोपर आलं की पॉज, गर्दी आत शिरून स्थिरावली की पुन्हा सुरू. फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात, चाळिशी लागलेल्यांनी टॅबलेटच घ्यावा.

एसएसडी बसवून घ्यायची असेल तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड आहेच. जाण्याआधी लॅपटॉपचं मॉडेल कागदावर लिहून घ्या आणि आत एनव्हीएमई प्रकारची एसएसडी बसते की साटा प्रकारची, हे घरीच शोधा. मी “बसेल, बसेल” या भरवशावर घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी तीच फेरी पुन्हा मारली. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो.

हाताशी असू द्या:

- चाकवाला माऊस (टचपॅडवर सहा जण सांभाळणं म्हणजे हातमोजे घालून मोदकाच्या कळ्या पाडणं)
- एक वही, चौकटींची असली तर उत्तम
- जुन्या गेमची पुस्तिका, पीडीएफ स्वरूपात. गॉग या ऑनलाइन दुकानात ती गेमसोबत जादा वस्तूंमध्ये मिळते
- स्टीम किंवा गॉगचं खातं. पैशांसाठी यूपीआय किंवा कार्ड
- हेडफोन, कारण आपली वेळ घरातले झोपल्यावरच सुरू होते

आणि कंपनीच्या लॅपटॉपवर यातलं काहीही टाकू नका. आयटीवाल्यांना सगळं दिसतं.

२. विकत घेताना

दुकानं मुख्यतः दोन. स्टीमवर किंमत रुपयांत दिसते आणि यूपीआय चालतं. गॉगवर घेतलेल्या गेमला कुलूप नसतं, त्यामुळे इन्स्टॉलर उतरवून पेन ड्राइव्हवर कायमचा ठेवता येतो. जुन्या गेमसाठी मला गॉग बरं वाटतं, नव्यांसाठी स्टीम. दोन्हीकडे उन्हाळ्यात आणि वर्षअखेरीला मोठे सेल लागतात आणि जुने गेम तेव्हा वडापाव-चहाच्या भावात जातात. घाई नसेल तर थांबा.

परदेशी दुकानात कार्ड चालत नसेल तर आधी बँकेचं ॲप उघडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद ठेवलेले असतात, ते आपण चालू करायचे. माझं पेमेंट तीनदा नाकारलं गेलं, मी ग्राहक सेवेशी हुज्जत घातली, आणि बटण माझ्याच फोनमध्ये होतं. खरेदी झाली की ते परत बंद करा.

परताव्याच्या अटी वाचून ठेवा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तरच पैसे परत मिळतात. यातली मेख अशी की या गेममध्ये पात्राचं नाक-डोळे-केस ठरवण्यातच दोन तास जातात. लॅपटॉपवर गेम धड चालतो की नाही हे बघायचं असेल तर पहिल्या खेपेला मिळेल ते तयार पात्र उचला, अर्धा तास चालवून बघा, मग पाहिजे तेवढं नटवा. गॉगवर ३० दिवसांची मुदत आहे.

नावांचा घोळही टाळा. बीमडॉग या कंपनीने जुन्या गेमच्या सुधारित आवृत्त्या काढल्या: पहिला बाल्डर्स गेट २०१२, दुसरा २०१३, आइसविंड डेल २०१४, प्लेनस्केप २०१७. नवख्याने याच घ्याव्यात. ‘डार्क अलायन्स’ हे नाव पुढे लागलेला बाल्डर्स गेट म्हणजे नुसती हाणामारी, पार्टीबिर्टी काही नाही. ‘सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर’ ही पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधली जोडकथा आहे, तिने सुरुवात करू नका.

३. चिलखताचं उलटं गणित एकदा कागदावर करा

ही पायरी लोक गाळतात आणि मग जुन्या गेमना शिव्या घालतात. दहा मिनिटांचं काम आहे.

जुना बाल्डर्स गेट डन्जन्स अँड ड्रॅगन्स या कागद-फाशांच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर चालतो. त्यात अंगावर काहीच नसेल तर चिलखताचा आकडा १०. चामड्याचं घातलं की ८, साखळ्यांचं ५, अख्खं पोलादी १. आकडा जितका खाली तितकं बरं, आणि तो शून्याच्याही खाली जातो. याच्या जोडीला थॅको. शून्य चिलखताच्या शत्रूला वार लागायला वीस बाजूंच्या फाशावर किती पडायला हवेत, तो आकडा म्हणजे थॅको. सूत्र एवढंच: तुमचा थॅको वजा शत्रूचं चिलखत.

समजा तुमचा थॅको २० आहे, सुरुवातीला तेवढाच असतो. समोरच्याचं चिलखत ७. वीसातून सात गेले, उरले १३. म्हणजे १३ किंवा जास्त पडले तर वार लागला. तेरा ते वीस हे आठ आकडे, म्हणजे शंभरात ४० वेळा. समोर चिलखत २ असलेला उभा राहिला तर १८ हवेत, म्हणजे शंभरात १५. उणे २ असेल तर २२ हवेत, जे फाशावर नाहीतच. पण वीस पडले की वार लागतोच असा नियम असल्यामुळे शंभरात ५ उरतात. दादाला आणि मला एवढं गणित कुणी सांगितलं असतं तर आम्ही असल्या शत्रूशी पहिल्याच दिवशी भांडायला गेलो नसतो.

सेटिंगमध्ये फीडबॅकच्या भागात ‘टू हिट रोल्स’ नावाचा पर्याय आहे, तो चालू करा. खालच्या पट्टीत प्रत्येक फाशाचा आकडा उमटायला लागतो. दोन लढायांत हे सगळं अंगवळणी पडतं.

२०००च्या तिसऱ्या आवृत्तीत हे गणित सरळ केलं गेलं: फासा अधिक तुमची भर, आणि बेरीज शत्रूच्या चिलखताएवढी किंवा जास्त आली की वार लागला. चिलखत जास्त म्हणजे चांगलं. बाल्डर्स गेट ३ पाचव्या आवृत्तीवर आहे आणि तिथेही हीच सरळ रीत. शत्रूवर माऊस नेला की टक्केवारी तयार लिहून येते. कागद-पेन्सिल नको. मात्र एक सांगते. ६५ टक्के दिसत असताना लागोपाठ तीन वार हुकले की नवी मंडळी गेमवर फसवणुकीचा आळ घेतात. फासे एकदा कागदावर मोजलेला माणूस तसं म्हणत नाही.

आइसविंड डेल १ जुन्या उलट्या रीतीचा आणि २००२चा आइसविंड डेल २ तिसऱ्या आवृत्तीच्या सरळ रीतीचा आहे. एकातून दुसऱ्यात उडी मारताना हे ध्यानात ठेवा.

४. घड्याळ थांबवायला शिका

जुन्या बाल्डर्स गेटमध्ये लढाई सलग चालते, सगळे एकाच वेळी हलतात. स्पेस बार दाबला की जग गोठतं. प्रत्येकाला हुकूम द्या, पुन्हा दाबा. नवख्याची चूक एकच असते: थांबवायला लाज वाटते. लाजू नका. मी एका लढाईत चाळीसेक वेळा स्पेस बार दाबते. त्यातही ऑटो-पॉजमध्ये ‘शत्रू दिसला’, ‘सापळा सापडला’ आणि ‘लक्ष्य मेलं’ हे तीन पर्याय चालू ठेवा, निम्मं काम आपोआप होतं. सोबत्यांना आपल्या मर्जीने लढू देणारं पार्टी एआयचं बटण मात्र सुरुवातीला बंद करा. नाहीतर दोन कुत्री दिसली तरी जादूगार आपला दिवसाचा एकुलता मंत्र उधळून मोकळा होतो.

नव्यांत बहुतेक पाळीपाळीचा खेळ आहे, सोंगट्यांसारखा. डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २ (२०१७) आणि बाल्डर्स गेट ३ दोन्ही असेच. इंग्रजी वाचायला ज्यांना थोडा वेळ लागतो त्यांना ही पद्धत फार सोयीची, कारण कुणी घाई करत नाही. हे गेम मराठीत नाहीत, हे पत्करूनच बसावं लागतं. ‘सेव्हिंग थ्रो’, ‘प्रोफिशियन्सी’, ‘बफ’, ‘एरिया ऑफ इफेक्ट’ असे तीसेक शब्द पुन्हा पुन्हा येतात, ते वहीच्या शेवटच्या पानावर अर्थासकट लिहून ठेवा.

पाळीपाळीचा तोटाही आहे. दहा किरकोळ गोब्लिन मारायला अर्धा तास. हे काम जुन्या पद्धतीत दोन मिनिटांत उरकतं. आउलकॅट कंपनीच्या पाथफाइंडर: रॅथ ऑफ द रायचसमध्ये (२०२१) दोन्ही रीती आहेत आणि खेळता खेळता एकीतून दुसरीत जाता येतं: सटरफटर शत्रूंना सलग, मोठ्या धेंडाला पाळीपाळीने. माझ्या मते आजवरची सगळ्यात शहाणी सोय तीच.

५. पार्टी बांधा

जुन्यात सहा जण, त्यात तुम्ही एक. दोन पुढे मार खाणारे, एक जखमा भरणारा क्लेरिक, एक कुलपं उघडणारा थीफ, एक मेज म्हणजे जादूगार, आणि सहावा धनुष्यवाला. पहिल्या बाल्डर्स गेटमध्ये धनुष्यबाण फार जोरदार आहे, दोघांच्या हाती दिलंत तरी चालेल. थीफ मात्र हवाच, सापळे शोधायचं खरं काम त्याचं. मेजचा जीव पहिल्या पातळीवर जेमतेम चार-सहा गुणांचा असतो, पण ‘स्लीप’ हा एक मंत्र त्याच्याकडे असला की सुरुवातीची निम्मी टोळकी झोपूनच मरतात.

पात्र तयार करताना गुणांसाठी फासे पुन्हा पुन्हा टाकायचं बटण आहे. त्यावर तास घालवणारी माणसं मी पाहिली आहेत. दादा तर कॉलेजला न जाता ते दाबत बसायचा. ८५च्या आसपास बेरीज आली की पुढे चला.

मूळ गेममध्ये बरोबर घेता येणारे २५ सोबती आहेत आणि त्यांचं आपसांत पटत नाही. सुरुवातीलाच वाटेत झार आणि मॉन्टरॉन भेटतात, पुढे फ्रेंडली आर्म इन नावाच्या सरायमध्ये जाहीरा आणि खालिद. दोन्ही जोड्या एकत्र ठेवल्यात तर एक दिवस ते एकमेकांवर तलवारी उपसतात. तुमचं नाव फार चांगलं झालं तर दुष्ट सोबती निघून जातात. आणि जोडीतल्या एकाला काढलंत की दुसराही चालता होतो, नवरा-बायकोपैकी एकालाच लग्नाचं आमंत्रण दिल्यासारखं. मिन्स्क भेटला की त्याच्या डायनाहेरला ग्नोलांच्या किल्ल्यातून सोडवायला लवकर निघा. तो फार दिवस थांबत नाही.

सहा जण अरुंद भुयारात शिरले की एकमेकांना धडकतात, मागे वळतात, भलत्याच वाटेने जातात. दादरचा पूल आठवतो. एकेकाला हाताने पुढे न्या, सगळ्यांना एकदम पाठवू नका.

बाल्डर्स गेट ३मध्ये चारच. पण ते चार बोलतात, रुसतात, भांडतात, रात्री तंबूजवळ येऊन बसतात. प्रत्येक वाक्याला आवाज आणि चेहरा आहे. जुन्यातली बहुतेक माणसं दोन-चार ठरलेल्या वाक्यांवर भागवायची, बाकीचं आपण मनात भरायचं. जबाबदाऱ्याही सैल झाल्यात: कुलूप उघडायचं साहित्य असलेलं कुठलंही चपळ पात्र कुलूप उघडू शकतं. म्हणून “अमुक नसेल तर अडेल” ही चिंता तिसऱ्या भागात करू नका. चुकीचं पात्र बनवलंत तरी विदर्स नावाचा हाडकुळा बुवा १०० सोन्याच्या नाण्यांत ते पार बदलून देतो. सुरुवातीच्या किनाऱ्याजवळच्या तळघरात तो सापडतो. नाही सापडला तर पुढे आपणहून तुमच्या मुक्कामावर येतो. गेल हा जादूगार खायला जादूच्या वस्तू मागतो, तेव्हा कामाच्या वस्तू देऊ नका. अडगळ द्या, त्याला तेवढंच पुरतं.

आख्खी पार्टी आपणच घडवायची हौस असेल तर आइसविंड डेल. सहाच्या सहा पात्रं तुमची. माझ्या पार्टीत सहाही जणांना शाळेतल्या बाईंची नावं होती आणि मराठीच्या बाई सगळ्यात आधी गेल्या.

प्लेनस्केप: टॉर्मेंट (१९९९) मात्र वेगळ्या डोक्याने खेळा. त्यातला नायक मरत नाही, मेला तरी उठतो. तिथे लढाई दुय्यम आणि बोलणं मुख्य. सवयीने ताकद वाढवाल तर निम्मा गेम हुकेल; शहाणपण, बुद्धी आणि वजनदार व्यक्तिमत्त्व यांवर गुण टाका.

६. झोपायचं कधी, आणि कुठली धमकी खरी

जुन्यात मेजने झोपण्याआधी ठरवायचं की उद्या कुठला मंत्र किती वेळा लागेल. दोनदा ‘स्लीप’ पाठ केला तर दोनदाच. तिसऱ्या भागात मंत्रांची यादी तयार ठेवायची आणि गरज पडेल तो त्यातून टाकायचा. फरक छोटा दिसतो, पण जुन्यात न लागणारे मंत्र पाठ करून बसण्यात माझे कितीतरी डाव वाया गेले.

जुन्यात रानात कुठेही आठ तास झोपता येतं, फक्त मध्येच कुणीतरी येऊन उठवतं. झोपण्याआधी सेव्ह करा. सुधारित आवृत्तीत त्यासाठी ‘क्यू’ दाबायचं. तिसऱ्या भागात छोट्या विश्रांती दोन, आणि मोठ्या विश्रांतीला ४० शिधा लागतो. म्हणून दिसेल ते कांदा-बटाटा-मासळी उचलत जा.

तिसऱ्या भागात जवळजवळ प्रत्येक नवख्याची फसगत इथेच होते. कथा पहिल्या दहा मिनिटांत सांगते की तुमच्या डोक्यात अळी आहे आणि थोड्याच दिवसांत तुमचं राक्षसात रूपांतर होणार. लोक घाबरतात आणि झोपतच नाहीत. मग सोबत्यांचे मुक्कामावरचे सगळे प्रसंग हुकतात, कारण ते मोठ्या विश्रांतीलाच घडतात. ती धमकी नाटकी आहे. निवांत झोपा. फक्त समोर आग लागलीय, कुणी अडकलंय असं दिसत असेल तर ते काम आटपून मगच.

पाथफाइंडर: किंगमेकरमध्ये (२०१८) याच्या उलट. तिथे दिवसांची मुदत दिली की ती खरीच असते, उशीर केलात तर राज्य जातं. त्याच गेममध्ये सुरुवातीला एका गुहेत कोळ्यांचा थवा अंगावर येतो आणि तलवारीचा काही उपयोग होत नाही. जाण्याआधी ‘अल्केमिस्ट्स फायर’च्या बाटल्या विकत घ्या. मी घेतल्या नव्हत्या.

७. वही

विझार्ड्रीचं भुयार दहा मजल्यांचं, प्रत्येक मजला २० बाय २० चौकटींचा, आणि नकाशा गेममध्ये नाही. तो खेळणाऱ्याने चौकटींच्या कागदावर काढायचा. १९८८च्या पूल ऑफ रेडियन्समध्ये तर कथेचा बराच मजकूर छापील पुस्तिकेत होता: गेम म्हणायचा, अमुक क्रमांकाची नोंद वाचा. कुणी आधीच सगळं वाचून काढू नये म्हणून त्यात काही नोंदी मुद्दाम खोट्या घातल्या होत्या. ही युक्ती मला फार आवडते.

पहिला बाल्डर्स गेट जुन्या-नव्याच्या मधला. रोजनिशी तो स्वतः लिहितो, पण नकाशावर बाण काढून देत नाही. “नॅशकेलच्या दक्षिणेला” असं कुणी म्हटलं तर दक्षिणेला जाऊन शोधायचं. तिसऱ्या भागात नकाशावर खुणा येतात.

आठवड्यातून दोन रात्री खेळणाऱ्याला वहीशिवाय जुना गेम जमत नाही, असं माझं स्पष्ट मत. माझ्या नोंदी अशा असतात: “नॅशकेल. खाणीचं काम राहिलं. मिन्स्क भेटला, घाई. लोहाराकडे चांगलं चिलखत, पैसे नाहीत.” तीन आठवड्यांनी परत बसले तरी पाच मिनिटांत गाडी रुळावर येते.

८. कुठल्या क्रमाने

तारखेच्या क्रमाने खेळू नका. आधी बाल्डर्स गेट ३, किंवा लॅपटॉप तेवढा दमाचा नसेल तर ओरिजिनल सिन २. तिसऱ्या भागाची कथा स्वतंत्र आहे, आधीचे न खेळता कळते. काठिण्य मधलंच ठेवा. फासा, चिलखत, विश्रांती हे शब्द तिथे ओळखीचे होतात.

मग पिलर्स ऑफ इटर्निटी (२०१५). ऑब्सिडियन कंपनीने २०१२मध्ये लोकवर्गणीतून जवळपास ४० लाख डॉलर उभे करून जुन्या धाटणीचा हा गेम केला. सहा जण, सलग लढाई, थांबवायची सोय, आणि नियम आजचे. जुन्याकडे उतरणारा मधला जिना म्हणा. त्यात सोनेरी पट्टीवर नाव लिहिलेली माणसं दिसतील. ती वर्गणीदारांनी लिहिलेली पात्रं आहेत, मूळ कथेशी त्यांचा संबंध नाही. प्रत्येकाशी बोलत बसाल तर पहिल्याच गावात कंटाळाल. मी बसले होते.

त्यानंतर पहिला बाल्डर्स गेट. काठिण्य ‘नॉर्मल’: मेजला नवा मंत्र वहीत उतरवताना अपयश येत नाही आणि पातळी वाढली की जीव पूर्ण वाढतो. पहिले दहा तास मरायची तयारी ठेवा. तुम्ही स्वतः मेलात की गेम संपला, सोबती जिवंत असले तरी. फ्रेंडली आर्म इनच्या पायऱ्यांवर एक जादूगार तुमची वाट बघत उभा असतो. तो मंत्र म्हणायला लागला की सगळ्यांनी आधी त्याच्यावर बाण सोडा; घाव लागला की मंत्र मोडतो. त्याचा भीतीचा मंत्र पूर्ण झाला तर तुमचे लोक सैरावैरा धावतात आणि तो एकेकाला टिपतो. अंगणातले पहारेकरी मदतीला येतात, त्यांच्या जवळ राहून लढा.

पहिला संपला की तेच पात्र उचलून दुसऱ्या भागात नेता येतं. वही तीच चालू ठेवा, फक्त नवं पान घ्या. भाची सध्या त्या पायऱ्यांवरच आहे. काल रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला: “मावशी, पहारेकऱ्याने मारला त्याला. माझा मेज जिवंत, जीव दोनवर आलाय. आता आत जाऊन झोपू का?”

झोप, म्हटलं. आधी सेव्ह कर.